पडद्यावरचा आकडा आणि भट्टीतले तपमान

चर्चगेटहून विरारकडे जाणारी लोकल भाईंदर स्थानक सोडते आणि थोड्याच वेळात वसईच्या खाडीवरील पुलावर येते. खाडीचे ते रुंद पात्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. परंतु स्थानकाच्या पूर्वेस, वस्तीच्या दाटीत जे लहानलहान कारखाने आहेत, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भाईंदरचे नाव स्टीलच्या भांड्यांशी जोडलेले आहे. तुमच्या स्वयंपाकघरातील एखादे पातेले किंवा डबा कदाचित येथल्याच एखाद्या गाळ्यात तयार झाला असेल.

काही दिवसांपूर्वी अशाच एका गाळ्यात जाण्याचा मला योग आला. माझा एक जुना विद्यार्थी आज सर्व्हिस इंजिनिअर आहे. कारखान्यातील नियंत्रण-यंत्रणा बिघडली की त्याला बोलावणे येते. आज भाईंदर, उद्या बोईसरजवळची तारापूर औद्योगिक वसाहत, परवा ठाण्याची वागळे इस्टेट, अशी त्याची पायपीट चालू असते. तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला सीबेकचा परिणाम फळ्यावर शिकवलात. तो कामावर असताना पाहायचा असेल, तर उद्या माझ्याबरोबर चला."

आम्ही पोहोचलो तेव्हा गाळ्यात वातावरण काहीसे तंग होते. दोन महिन्यांपासून माल बिघडत होता. पातेल्यांच्या पोटावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येई आणि कितीही पॉलिश केले तरी चकाकी येत नसे. भट्टीच्या पॅनेलवर मात्र तपमान अगदी हवे तेवढे, १०५० अंश सेल्सिअस, दिसत होते. मग दोष कोणाचा? शेठजींचे मत असे की भट्टीवर काम करणारे काका माल वेळेवर बाहेर काढत नाहीत. वाया गेलेल्या मालाचे पैसे त्यांच्या पगारातून कापण्यास सुरुवातही झाली होती. "साहेब, मी आकडा बघून आणि घड्याळ लावूनच माल काढतो," एवढेच काका पुन्हा पुन्हा सांगत होते.

खरे कोणाचे? याचे उत्तर पदार्थविज्ञानाने दिले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी दोन-तीन गोष्टींची ओळख करून घेऊ.

पत्रा भट्टीत का जातो?

भांड्यांच्या स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असते. एका प्रसिद्ध जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. पत्र्यातून प्रथम गोल चकत्या कापतात. कारखान्यात त्यांना सर्कल म्हणतात. सर्कल डायवर ठेवून प्रेसने वरून पंच दाबला की पत्रा ओढला जाऊन वाटीसारखा आकार घेतो.

एखादी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. ती तेथे कठीण होत जाते आणि शेवटी तुटते. पत्र्याचेही तसेच होते. धातू हा असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. ओढल्यामुळे या कणांच्या रचनेत विकृती साठत जाते आणि पत्रा कठीण होतो. तसाच आणखी खोल ओढला तर तो फाटतो. म्हणून मध्येच त्याला भट्टीत तापवतात. सुमारे १०५० अंशांना जुन्या, विकृत कणांच्या जागी नवे, निर्दोष कण तयार होतात. नंतर माल झटपट थंड करतात आणि पत्रा पुन्हा मऊ होतो. शास्त्रीय परिभाषेत याला अनुशीतन म्हणतात, कारखान्यात अ‍ॅनिलिंग.

परंतु येथे एक मर्यादा सांभाळावी लागते. तपमान फार वाढले किंवा माल भट्टीत फार वेळ राहिला, तर हे नवे कण वाढू लागतात. मोठे कण शेजारच्या लहान कणांना गिळून आणखी मोठे होतात. असा पत्रा नंतर ओढला की प्रत्येक मोठा कण आपापल्या परीने वाकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो. म्हणजे बिघडलेल्या मालाने एक गोष्ट तर निश्चित सांगितली होती. एक तर वेळ जास्त होत होता, किंवा तपमान. पॅनेल म्हणत होते की तपमान बरोबर आहे. म्हणून संशय काकांवर आला.

नियंत्रणाचे कडे

आता पॅनेल काय काम करते ते पाहू. उत्तनच्या किनाऱ्यावरून मासेमारीस जाणाऱ्या बोटीचा तांडेल सुकाणू कसे धरतो, ते डोळ्यांसमोर आणा. बोट ठरलेल्या दिशेपासून किती ढळली आहे हे तो पाहतो, त्याप्रमाणे सुकाणू फिरवतो, परिणाम काय झाला ते पुन्हा पाहतो आणि पुन्हा सुकाणू सावरतो. पाहणे, तुलना करणे, कृती करणे आणि पुन्हा पाहणे असे हे एक बंद कडे आहे. परिणामाची बातमी परत कृती करणाऱ्याकडे येते, याला पुनर्भरण किंवा इंग्रजीत फीडबॅक म्हणतात.

हे कडे यंत्राकडून पुरे करून घेण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न जेम्स वॅटने १७८८ मध्ये केला. त्याच्या वाफेच्या एंजिनावर फिरणारे दोन गोळे होते. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप थोडी बंद होई. वेग कमी झाला की उलट घडे. अशा नियामकांचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये मांडले. पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की याने, जहाजाचे सुकाणू धरणारी माणसे कशी वागतात याचे निरीक्षण करून, नियंत्रणासाठी तीन प्रश्न निश्चित केले. चूक आता किती आहे? ती किती काळ साचत राहिली आहे? आणि ती किती वेगाने बदलत आहे? आजही कारखान्यांतील बहुतेक नियंत्रक या तीन प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज करूनच निर्णय घेतात.

आपल्याकडे या शास्त्राचा मोठा कस लागला तो ट्रॉम्बे येथे. अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते, पण नियंत्रण-यंत्रणा ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली देशातच तयार करण्यात आली होती. अणुभट्टी असो की भाईंदरची भट्टी, कडे तेच.

आमच्या गाळ्यातील भट्टी विजेची होती. तिच्या कड्यात पाच दुवे होते. तपमान ओळखणारा संवेदक, त्याचा संकेत आणणारी केबल, पॅनेलमधील नियंत्रक, हीटरला कमीजास्त वीज देणारा थायरिस्टर आणि स्वतः हीटर.

दोन धातूंची जोडी

१०५० अंशांना पाऱ्याचा तपमापी टिकणार नाही. तेथे थर्मोकपल वापरतात. मराठीत त्याला तपयुग्म म्हणतात. १८२१ मध्ये टॉमस सीबेक याला असे आढळले की दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडून मंडल पुरे केले आणि दोन सांधे वेगवेगळ्या तपमानांना ठेवले, तर जवळची चुंबकसूची हलते. मंडलात विद्युत् प्रवाह वाहत असल्याचे ते लक्षण होते.

भट्ट्यांमध्ये क्रोमेल व अ‍ॅल्युमेल या निकेलच्या दोन मिश्रधातूंची जोडी फार वापरतात. क्रोमेलचे टोक धन असते, अ‍ॅल्युमेलचे ऋण. एक सांधा शून्य अंशांना आणि दुसरा १०५० अंशांना असेल, तर या जोडीतून सुमारे ४३.२१ मिलिव्होल्ट मिळतात. दीड व्होल्टच्या साध्या बॅटरीच्या मानाने हा दाब किती क्षुल्लक आहे, ते पाहा. भट्टीचा सारा कारभार त्यावर चालतो!

येथे एक अडचण आहे. थर्मोकपल तपमान मोजत नाही, तपमानांतील फरक मोजते. पॅनेलमधील टोक काही बर्फात ठेवलेले नसते. म्हणून नियंत्रक आपल्या टर्मिनलचे तपमान स्वतंत्रपणे मोजतो आणि तेवढ्या अंशांचे मिलिव्होल्ट स्वतःकडून मिळवतो. त्या दिवशी टर्मिनल ३५ अंशांना होते. म्हणजे नियंत्रक १.४१ मिलिव्होल्ट स्वतः मिळवत होता आणि उरलेले ४१.८० बाहेरून येणे अपेक्षित होते.

दुसरी गोष्ट अशी की भट्टीपासून पॅनेलपर्यंतची केबल साध्या तांब्याची चालत नाही. भट्टीबाहेर थर्मोकपलचे जे डोके असते, ते भट्टीच्या उष्णतेने तापते. तेथे ते ७० अंशांना होते. ७० पासून ३५ अंशांपर्यंतचा फरकही मोजण्यात यायला हवा, म्हणून केबलही क्रोमेल-अ‍ॅल्युमेलचीच घालतात. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचीच गरज आहे.

कड्याचे दोन भाग

माझ्या विद्यार्थ्याने पिशवी उघडली. तिच्यात मल्टिमीटर, अचूक मिलिव्होल्ट देणारा कॅलिब्रेटर, स्वतःचे प्रमाणित थर्मोकपल व त्याचे मीटर, पेचकस, एक कुलूप, वही आणि एक लहानसा चुंबक एवढ्या वस्तू होत्या. लॅपटॉपही होता, पण तो त्या दिवशी बाहेर निघाला नाही.

"सर, कोणताही भाग आधी बदलायचा नाही. कड्याचा अर्धा भाग आधी निर्दोष ठरवायचा, मग उरलेल्याचा अर्धा," तो म्हणाला.

भट्टीच्या भिंतीत तपासणीसाठी एक भोक ठेवलेले होते. त्यातून त्याने आपले थर्मोकपल आत सारले आणि थोडा वेळ थांबला. त्याच्या मीटरवर आकडा आला ११२५. पॅनेलवर १०५०. शेठजी पुढे येऊन दोन्हीकडे पाहू लागले.

पंचाहत्तर अंशांचा फरक! पण कोठे? पॅनेलवरचा आकडा १०५० वर स्थिर होता. याचा अर्थ नियंत्रक सांगेल तसे थायरिस्टर व हीटर वागत होते. तो अर्धा भाग निर्दोष ठरला. उरले संवेदक, केबल आणि नियंत्रकाची मोजणारी बाजू.

पुढील कामापूर्वी त्याने हीटरचा मेन स्विच बंद केला आणि त्याला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. तेथे ४१५ व्होल्टचा दाब असतो. आपण आत हात घातलेला असताना बाहेरून कोणी स्विच चालू करू नये, म्हणून ही काळजी. या धंद्यातला हा पहिला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला क्षमा नाही.

नंतर त्याने नियंत्रकाच्या टर्मिनलवरून केबल काढली आणि कॅलिब्रेटरमधून ४१.८० मिलिव्होल्ट दिले. पडद्यावर १०५० उमटले. नियंत्रक निर्दोष. मग थर्मोकपलच्या डोक्याचे झाकण काढून त्याने आपले मीटर तेथेच जोडले. बंद केलेली भट्टी हळूहळू निवत होती. तिचे मूळचे थर्मोकपल आणि त्याने घातलेले थर्मोकपल यांचे आकडे बरोबरीने उतरत होते. संवेदकही निर्दोष.

राहिली केबल. मल्टिमीटरने तपासली तर दोन्ही तारा सलग, वेष्टण धड. मग दोष कोठे?

लाल तार

केबलच्या दोन तारांपैकी एकीचे वेष्टण पिवळे होते, दुसरीचे लाल. लाल तार दोन्ही टोकांना धन टर्मिनलला जोडलेली होती. मला त्यात काही वावगे दिसले नाही. प्रयोगशाळेत आपण बॅटरीच्या धन अग्राला लाल तारच जोडतो.

त्याने काही न बोलता खिशातला चुंबक लाल तारेच्या उघड्या टोकाजवळ नेला. तार चुंबकाला चिकटली. पिवळी चिकटली नाही.

"सर, नेहमीच्या तपमानाला अ‍ॅल्युमेल चुंबकाकडे ओढले जाते, क्रोमेल नाही. म्हणजे लाल तार अ‍ॅल्युमेलची, ऋण. थर्मोकपलच्या केबलसाठी अमेरिकी पद्धतीत लाल रंग नेहमी ऋण तारेला असतो."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पावसाळ्यात उंदरांनी जुनी केबल कुरतडली होती. नव्या केबलची लाल तार वायरमनने सवयीप्रमाणे दोन्ही टोकांना धनाला जोडली होती. माल बिघडू लागला तो तेव्हापासूनच.

आता परिणाम पाहा. तारा एकाच टोकाला उलट असत्या, तर भट्टी तापू लागताच पॅनेलवरचा आकडा उतरू लागला असता आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. पण त्या दोन्ही टोकांना उलट होत्या. त्यामुळे थर्मोकपलचा संकेत सुलटाच पोहोचला. एका चुकीने दुसरी झाकली. मात्र केबलने स्वतःचे जे मिलिव्होल्ट मिळवायचे, ते तिने वजा केले.

हिशेब सोपा आहे. ७० आणि ३५ अंशांमधील फरकाचे १.४४ मिलिव्होल्ट होतात. ते मिळायचे ते वजा झाले, म्हणून एकूण तूट दुप्पट, २.८८ मिलिव्होल्ट. ११०० अंशांच्या आसपास प्रत्येक अंशाला सुमारे ०.०३८ मिलिव्होल्ट मिळतात. २.८८ ला ०.०३८ ने भागा. उत्तर सुमारे ७५ अंश येते. पडद्यावर १०५० दिसावे म्हणून नियंत्रक भट्टीला खरोखर ११२५ पर्यंत तापवत होता!

आणखी एक गंमत अशी की सकाळी भट्टी थंड असताना डोके व पॅनेल एकाच तपमानाला असतात. तेव्हा केबलमध्ये वजा होण्यासारखे काही नसते आणि आकडा अगदी बरोबर येतो. सकाळी तपासणी करणाऱ्याला हा दोष कधीच सापडला नसता. भट्टी जसजशी तापे, तसतशी चूक वाढे.

तारा सुलट जोडल्या, कुलूप काढले आणि भट्टी पुन्हा चालू केली. संध्याकाळी पॅनेल आणि त्याचे मीटर यांच्या आकड्यांत दोन अंशांचा फरक होता. त्याने सारे वहीत लिहिले, केबलच्या दोन्ही टोकांना धन-ऋणाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि शेठजींना म्हणाला, "शेठ, काकांनी माल वेळेवरच काढला. आकडाच चुकीचा होता." शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग कापलेले पैसे पुढच्या पगारात परत करण्याचे त्यांनी सर्वांसमोर कबूल केले. काका काही बोलले नाहीत. ते उठून भट्टीकडे गेले आणि पॅनेलवरचा आकडा पाहत उभे राहिले.

परत येताना मी मात्र त्या वायरमनचा विचार करत होतो. लाल म्हणजे धन, हे त्याला कोठे शिकवले गेले असेल? माझ्यासारख्याच एखाद्या शिक्षकाच्या वर्गात. रंग हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. तो देशागणिक आणि कामागणिक बदलतो. चुंबकाला चिकटणे हा पदार्थाचा गुण आहे, तो बदलत नाही. हा फरक मी वर्गात कधी स्पष्ट केला नव्हता. आता करतो.

खारी हवा आणि चार मिलिअँपिअर

"रोज असेच कोडे असते का?" मी लोकलमध्ये त्याला विचारले. तो हसला. बहुतेक वेळा सैल झालेला स्क्रू, गंजलेले टर्मिनल किंवा साचलेली धूळ एवढेच असते. भाईंदरला खाडी व समुद्र जवळ, हवा दमट आणि खारी. तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो, रोध वाढतो आणि संकेत डळमळतो.

या अडचणीवर अभियंत्यांनी एक सुंदर तोड काढली आहे. लांबवर संकेत पाठवायचा असेल तर तो विद्युत् दाबाच्या रूपात न पाठवता प्रवाहाच्या रूपात पाठवतात. एकसर मंडलात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, हे तुम्ही शिकला आहात. तारेचा रोध थोडा वाढला, तरी पाठवणारे उपकरण दाब वाढवून प्रवाह तेवढाच राखते. शून्य टक्के म्हणजे ४ मिलिअँपिअर, शंभर टक्के म्हणजे २० आणि निम्मे म्हणजे १२. सुरुवात शून्यापासून का नाही? कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो. शून्य हा आकडा कोणत्याही मोजमापासाठी वापरलेला नसल्यामुळे तो दिसताच कळते की ही टाकी रिकामी नाही, तार तुटली आहे. 'काही नाही' आणि 'माहीत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही युक्ती आहे.

या कामाकडे वळायचे असेल तर आय. टी. आय. मधील इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा अभ्यासक्रम, इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका किंवा पदवी असे निरनिराळे मार्ग आहेत. काम कष्टाचे आहे. रात्री-अपरात्री बोलावणे येते, उकाड्यात उभे राहावे लागते आणि कारखाना थांबलेला असल्यामुळे सगळे जण घड्याळाकडे पाहत असतात. अशा वेळी घाईने भाग बदलण्याचा मोह आवरून मोजमाप करत राहणे, हे त्या पिशवीतल्या सर्व उपकरणांपेक्षा अवघड आहे.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा. सुमारे अर्धा मीटर लोखंडी तार आणि तेवढ्याच लांबीच्या तांब्याच्या दोन तारा घ्या. सर्व टोके काचकागदाने घासून स्वच्छ करा. लोखंडी तारेच्या प्रत्येक टोकाला एकेक तांब्याची तार घट्ट पिळून जोडा. तांब्याची मोकळी टोके मल्टिमीटरला जोडून तो २०० मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर ठेवा. एक सांधा थंड पाण्यात आणि दुसरा उकळत्या पाण्यात बुडवा. मीटरवर एक मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. आता सांध्यांची अदलाबदल करा. चिन्ह उलटेल. दोन्ही सांधे एकाच भांड्यात ठेवा. आकडा शून्यावर येईल, मग पाणी कितीही गरम असो.

आणि एक उदाहरण सोडवा. केबल वरच्याप्रमाणेच दोन्ही टोकांना उलट जोडलेली आहे, पण थर्मोकपलचे डोके ६० अंशांना आणि पॅनेल ३० अंशांना आहे. या तपमानांजवळ प्रत्येक अंशाला ०.०४१ मिलिव्होल्ट मिळतात असे धरा. पडद्यावर १०५० दिसत असताना भट्टीचे खरे तपमान किती असेल?